दोन स्विचचं फर्मवेअर आणि पाच नोडचा सेफ क्लस्टर: बेत तपासून द्या

पाचवा_नोड | मंगळवार, सकाळी ११:२०

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे प्रॉक्समॉक्सचा (व्हीएम, म्हणजे आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) पाच नोडचा (सर्व्हरचा) क्लस्टर आहे आणि स्टोरेजही त्याच नोडवर, सेफचं (डेटाच्या प्रती वेगवेगळ्या नोडवर ठेवणारं सॉफ्टवेअर). प्रत्येक नोडमध्ये ४ एसएसडी, म्हणजे एकूण २० ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे सेफचे प्रोग्रॅम). पूलचा साइझ ३ (डेटाच्या तीन प्रती), मिनसाइझ २ (काम चालायला किमान दोन). मॉनिटर (सेफची स्थिती सांभाळणारे) ३, पहिल्या तीन नोडवर. प्रत्येक नोडमधून २५ जीच्या (गिगाबिट) दोन केबल निघतात, एक स्विच 'अ'ला आणि एक स्विच 'ब'ला. बाँड (दोन केबल मिळून एक जोडणी) ॲक्टिव्ह-बॅकअप, म्हणजे एक चालू, एक राखीव; प्रायमरी 'अ'कडची. दोन्ही स्विच स्वतंत्र आहेत, स्टॅक (दोघं मिळून एकच स्विच) नाही, एमलॅग (दोन स्विचवरच्या केबल मिळून एकच जोडणी) नाही. एकमेकांना दोन केबलांनी जोडलेत. सेफ, कोरोसिंक (नोड एकमेकांशी संपर्क ठेवतात ती यंत्रणा) आणि व्हीएमचं ट्रॅफिक, सगळं याच बाँडवर वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच केबलवरची वेगळी आभासी नेटवर्क). बीएमसी (सर्व्हर बंद असला तरी तो दुरून हाताळायची सोय) आणि मॅनेजमेंट तेवढं १ जीच्या तिसऱ्या छोट्या स्विचवर.

दोन्ही मोठ्या स्विचचं फर्मवेअर बदलायचंय. सुरक्षेची त्रुटी आहे, त्यामुळे टाळता येणार नाही. रिबूटला आठेक मिनिटं लागतात असं मॅन्युअल म्हणतं.

बेत असा: रविवारी रात्री १ वाजता नोआउट लावायचं, 'अ' अपडेट करायचा, तो वर आला की 'ब', मग नोआउट काढायचं आणि झोपायचं. सत्तरएक व्हीएम चालूच ठेवायच्या. यात काही चुकतंय का?


रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १२:०५

'आणि झोपायचं' वाचून हसू आलं. असो.

आधी नोआउटबद्दल, कारण त्याच्याविषयी गैरसमज फार. नोआउट लावलं म्हणून ओएसडी डाउन व्हायचे थांबत नाहीत. डाउन झालेल्याला आउट धरून त्याचा डेटा दुसरीकडे उभारायला घेऊ नकोस, एवढंच आपण सेफला सांगतो. एरवी ही मुदत ६०० सेकंदांची असते. तुमची आठ मिनिटं म्हणजे ४८०, आणि मॅन्युअलमधली आठ मिनिटं प्रत्यक्षात कधीच आठ नसतात. तेव्हा नोआउट लावाच.

पण तुमचा खरा धोका सेफ नाही. एखाद्या पीजीच्या (सेफ डेटाचे जे गट करतो त्यांतला एक) हाताशी असलेल्या प्रती मिनसाइझच्या खाली गेल्या की त्या पीजीवरचं वाचणं-लिहिणं अडकून राहतं. एरर येत नाही, फक्त अडकतं. नेटवर्क परत आलं की गाडी पुढे सरकते. कोरोसिंकचं तसं नाही. क्वोरम (नोडचं बहुमत) गेला आणि त्या नोडवर एचएमधली (नोड पडला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप उठवणारी सोय) एखादी व्हीएम असली, तर ६० सेकंदांत वॉचडॉग तो नोडच रिबूट करतो. पाचही नोडचं नेटवर्क एकदम गेलं तर पाचही नोड एकदम रिबूट. सेफ वाट बघेल, वॉचडॉग बघणार नाही.

दोन प्रश्न. एचए वापरता का? आणि कोरोसिंकला दुसरी लिंक आहे का?


पाचवा_नोड | मंगळवार, दुपारी १२:३०

एचए आहे, वीसेक व्हीएमना. कोरोसिंकची लिंक एकच, त्याच बाँडवर. आता जरा भीती वाटायला लागली आहे.


सहज_विचारलं | मंगळवार, दुपारी १२:४१

मी यात नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सोडून द्या. दोन स्विच, दोन केबल, बाँड हे सगळं एक स्विच बंद पडला तरी काम चालावं म्हणूनच ना? मग एक स्विच बंद करायचा म्हटल्यावर एवढी धावपळ कशाला?

(अवांतर: नावातच 'सेफ' आहे की राव.)


जुनाखिळा | मंगळवार, दुपारी १:१५

@सहज_विचारलं, प्रश्न बाळबोध नाही, याच प्रश्नावर सगळा धागा उभा आहे. सोय असते ती बसवली त्या दिवशीची. त्यानंतर कोणी केबल हलवली, कोणी व्हीलॅन वाढवला, एखादा ट्रान्सीव्हर (केबलच्या टोकाचं मॉड्यूल) मेला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये दुसरा पाय मोडला तरी काही बिघडत नाही, म्हणूनच तो मोडलाय हे कळत नाही. ज्या दिवशी पहिला काढता त्या दिवशी कळतं.

माझा अनुभव सांगतो. एका ठिकाणी कामाला होतो (नाव नको), तिथे दोन स्विच स्टॅकमध्ये होते. सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं की दोन स्विच आहेत, एक गेला तर दुसरा आहे. फर्मवेअर चढवलं, रिलोडची कमांड दिली, आणि दोन्ही एकदम खाली. स्टॅक म्हणजे एकच मेंदू. कमांड एकाला दिली काय नि दोघांना दिली काय. सगळे नोड क्वोरमबाहेर, मिनिटभरात सगळे रिबूट. ते वर येईपर्यंत स्विच अजून बूटच होत होते. बीएमसी त्याच स्विचवर. आणि पासवर्ड ठेवायचा वॉल्ट कुठे? त्याच क्लस्टरवरच्या एका व्हीएममध्ये. कन्सोल केबल शोधण्यात पाऊण तास गेला. पहाटे उजाडलं तेव्हा आम्ही एका कपाटासमोर उभे होतो, त्याची किल्ली कोणाकडे आहे यावर वाद चालला होता.

तुमचे स्विच स्वतंत्र आहेत आणि बीएमसी वेगळ्या स्विचवर आहे. या दोन गोष्टींवर निम्मी लढाई जिंकलेली आहे.


रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:००

@पाचवा_नोड, दोन कामं.

कोरोसिंकची दुसरी लिंक त्या १ जीच्या मॅनेजमेंट स्विचवरून द्या. कोरोसिंकला बँडविड्थ नको असते, विलंब कमी हवा असतो, ५ मिलिसेकंदांच्या आतला. १ जी त्याला भरपूर. चालू क्लस्टरमध्ये लिंक वाढवता येते: कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक नोडचा दुसरा पत्ता द्यायचा आणि व्हर्जनचा आकडा वाढवायचा. आकडा वाढवायचा राहिला तर बदल लागूच होत नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. हे याच आठवड्यात करा, रविवारी रात्री नाही. मेंटेनन्सच्या रात्री नवीन काही जोडायचं नसतं.

दुसरं, त्या रात्रीपुरतं एचए थांबवा. आधी पाचही नोडवरचा एलआरएम (आपल्या नोडवरच्या एचए व्हीएम सांभाळणारा), आणि तो सगळीकडे थांबल्यावरच पाचही नोडवरचा सीआरएम (सगळ्या क्लस्टरसाठी एचएचे निर्णय घेणारा). क्रम उलटा करू नका. व्हीएम जशा चालू आहेत तशा चालू राहतात, फक्त वॉचडॉग सुटतो. सीआरएमचा मास्टरही वॉचडॉग धरून बसलेला असतो, म्हणून नुसता एलआरएम थांबवून भागत नाही.


गाठनिरगाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मी नोआउटबरोबर नोडाउनही लावतो. स्विच बदलताना ओएसडी एकमेकांच्या चुगल्या करायला लागतात, हा डाउन तो डाउन, आणि मग सारखं वर-खाली सुरू होतं. नोडाउन लावलं की मॉनिटर त्यांचं ऐकतच नाही. शांतता.


मोजूनमापून | मंगळवार, रात्री ८:१०

@गाठनिरगाठ, ती शांतता खोटी असते. नोडाउन असताना एखादा ओएसडी खरंच मेला तरी क्लस्टर त्याला जिवंतच समजणार. त्याच्याकडे गेलेली विनंती परत येत नाही आणि क्लायंट तिथेच ताटकळतो. एरवी २० सेकंदांच्या ग्रेसनंतर तो डाउन ठरला असता आणि उरलेल्या दोन प्रतींवर काम चाललं असतं. म्हणजे आपल्याच हाताने आपण एका मेलेल्या डिस्कमागे सगळ्या व्हीएम अडकवतो.

बाँड एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला तर सेकंदाच्या आसपास काम होतं. हार्टबीट दर ६ सेकंदांनी, ग्रेस २० सेकंदांची. बाँड नीट असेल तर एकही ओएसडी डाउन व्हायला नको. आणि झालाच, तर ते मला दिसायला हवं! नोडाउन पूर्ण क्लस्टर बंद करताना ठीक आहे, तेव्हा पॉजही लावतात. इथे नको.


गाठनिरगाठ | मंगळवार, रात्री ८:३२

ताई, सेफचं क्लस्टर नेटवर्क (ओएसडींचं आपापसातलं) आणि पब्लिक नेटवर्क (मॉनिटर आणि क्लायंटशी बोलायचं) वेगळं असेल आणि त्यातलं एकच पडलं, तर वर-खाली होण्याचा त्रास फार वाईट असतो. मी ते भोगलंय, म्हणून सवय लागली. पण यांचं दोन्ही एकाच व्हीलॅनमध्ये दिसतंय, तेव्हा मुद्दा मान्य.


वायरमन | बुधवार, सकाळी ९:४०

फर्मवेअरची चर्चा नंतर. आधी केबल बघा. आकृतीवर नाही, प्रत्यक्ष.

प्रत्येक नोडवर प्रॉकमधली (लिनक्सची चालू स्थिती दाखवणारी डिरेक्टरी) बाँडिंगची फाइल उघडा. दोन्ही स्लेव्ह (बाँडचे दोन पाय) 'अप' आहेत का, आत्ता ॲक्टिव्ह कोण आहे, लिंक फेल्युअरचा आकडा किती. मग एलएलडीपी (पलीकडचं यंत्र कोण ते सांगणारा प्रोटोकॉल) चालू करा आणि प्रत्येक पोर्टच्या पलीकडे कोणता स्विच, कोणता पोर्ट आहे ते लिहून काढा. लेबलवर विश्वास नको. लेबल लावणारा माणूस आणि नंतर केबल हलवणारा माणूस हे सहसा वेगळे असतात.

दोन्ही पोर्ट एकाच कार्डावर आहेत का तेही बघून ठेवा. आज त्याचं काही करता येणार नाही, पण माहीत असावं.


पाचवा_नोड | बुधवार, दुपारी ४:१५

@वायरमन, तुमचे पाय कुठे आहेत?

नोड ४ च्या दोन्ही केबल स्विच 'अ'वर निघाल्या. मागे कधीतरी 'ब'वरचा ट्रान्सीव्हर बिघडला होता, तेव्हा कोणीतरी 'तात्पुरती' केबल शेजारच्या स्विचमध्ये लावली. नोड २ चा दुसरा पाय डाउन आहे, कधीपासून ते लॉगमध्येही सापडत नाही, लॉग त्याहून अलीकडचे आहेत.

म्हणजे रविवारी मी 'अ' रिबूट केला असता तर नोड २ आणि ४ दोन्ही गेले असते. तरीही पाचपैकी तीन उरले असते, क्वोरम टिकला असता, मॉनिटरही तीनपैकी दोन राहिले असते. फार काही बिघडलं नसतं ना?


मोजूनमापून | बुधवार, संध्याकाळी ५:०५

बिघडलं असतं. हिशेब करून बघा.

प्रत्येक पीजीच्या तीन प्रती तीन वेगळ्या नोडवर. पाचातून तीन निवडायचे प्रकार १०. त्यांतले नोड २ आणि ४ दोन्ही असलेले प्रकार ३, कारण तिसरा नोड उरलेल्या तिघांपैकी कुठलाही. म्हणजे साधारण दहातल्या तीन पीजींची एकच प्रत उरते. मिनसाइझ २, तेव्हा त्या पीजी थांबणार.

३० टक्के म्हणजे ७० टक्के काम चालू, असं वाटतं. पण व्हीएमची डिस्क एका पीजीत नसते. तिचे ४ एमबीचे तुकडे होऊन सगळ्या पूलभर पसरलेले असतात. २० जीबीच्या लहानशा डिस्कचेसुद्धा पाच हजारांवर तुकडे. त्यातले तीस टक्के अडकले म्हणजे ती व्हीएम अडकलीच, आज नाही तर दहा सेकंदांनी, जेव्हा तिला त्यातला एखादा तुकडा लागेल. सत्तरच्या सत्तर व्हीएम थबकल्या असत्या आणि वर क्वोरम हिरवाच दिसला असता.


सहज_विचारलं | बुधवार, संध्याकाळी ५:२०

बाप रे. आणि स्विच वर आल्यावर त्या व्हीएम आपोआप चालू झाल्या असत्या?


रात्रपाळी | बुधवार, संध्याकाळी ५:४५

डिस्क व्हर्टआयओची (व्हीएमसाठीच बनवलेला प्रकार) असेल तर बहुतेक वेळा हो. लिनक्स गेस्ट कुरकुरतो, १२० सेकंद अडकलेल्या टास्कचे संदेश लॉगमध्ये टाकतो, पण थांबतो. जुन्या व्हीएममध्ये आयडीई किंवा साटा डिस्क असेल तर तिथे ३० सेकंदांचा टाइमआउट आहे. तो संपला की फाइल सिस्टीम रीड-ओन्ली होऊ शकते, आणि मग रिबूटशिवाय इलाज नाही. @पाचवा_नोड, अशा कुठल्या व्हीएम आहेत ते रविवारच्या आधी शोधून ठेवा. निघतातच चार-दोन, पूर्वी कुठून तरी आणून बसवलेल्या.


वायरमन | बुधवार, रात्री ९:००

केबल दुरुस्त झाल्या की पोर्ट बंद करून बघा. एक नोड घ्या, त्याच्यावरच्या व्हीएम हलवा, त्या नोडवर नोआउट लावा आणि 'अ'वरचा त्याचा पोर्ट शट करा. स्विच रिबूट करण्याआधी दहा पोर्ट एकेक करून मी हाताने बंद करतो, मग स्विचच्या रिबूटमध्ये नवीन काही उरत नाही.


पाचवा_नोड | गुरुवार, रात्री ११:३०

नोड २ आणि ४ ची केबल झाली, एलएलडीपीने तपासली. कोरोसिंकची दुसरी लिंक झाली. मग वायरमन म्हणाले तसा नोड ५ रिकामा करून 'अ'वरचा त्याचा पोर्ट बंद केला.

बाँड लगेच 'ब'वर गेला. आणि वीसेक सेकंदांत नोड ५ चे चारही ओएसडी डाउन!

अर्ध्या तासाने कारण सापडलं. दोन स्विचना जोडणाऱ्या ट्रंकवर सेफचा व्हीलॅन परवानगीच्या यादीत नव्हताच. व्हीएमचे होते, कोरोसिंकचा होता, स्टोरेजचा नाही. नोड ५ एकटा 'ब'वर, बाकीचे चार 'अ'वर, आणि मध्ये भिंत. आजवर सगळे 'अ'वरच असायचे म्हणून कधी कळलं नाही.


जुनाखिळा | शुक्रवार, सकाळी ७:५०

गंमत बघा. सगळे नोड एकदम 'ब'वर गेले असते तर 'ब'च्या आतल्या आत सगळं चाललं असतं, ट्रंकची गरजच नव्हती. जातानाची वेळ निभावली असती. येताना मेला असता. 'अ' वर येताना पोर्ट काही सगळे एका क्षणी वर येत नाहीत, आणि प्रायमरी 'अ' ठेवलीय म्हणजे लिंक दिसली रे दिसली की बाँड उडी मारून परत जाणार. दोन नोड इकडे, तीन तिकडे, मध्ये भिंत.

आणि उडीबद्दल आणखी एक. लिंक वर आली म्हणजे पोर्ट फ्रेम पुढे पाठवायला लागला असं नाही. स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ न देणारी व्यवस्था) तो पोर्ट एज म्हणून (पलीकडे स्विच नाही, सर्व्हर आहे असा) नेमलेला नसेल तर जुन्या पद्धतीत १५ अधिक १५, असे ३० सेकंद तो ऐकत आणि शिकत बसतो. तुमचा बाँड मात्र लिंकचा दिवा बघून तिकडे गेलेला असतो. ३० सेकंद म्हणजे सेफच्या २० सेकंदांच्या वर. सगळे ओएसडी एकमेकांना मेलेले समजणार.


गाठनिरगाठ | शुक्रवार, सकाळी ८:२५

याला उपाय आहे. प्रायमरी रिसिलेक्ट 'फेल्युअर' करा, म्हणजे चालू पाय मोडल्याशिवाय बाँड परत उडी मारत नाही. किंवा अपडिले (लिंक आल्यावर बाँडने थांबायचा वेळ) वाढवा.


वायरमन | शुक्रवार, सकाळी ९:१०

बाँडची सेटिंग नंतर सावकाश बदला. रविवारसाठी याहून सोपी युक्ती आहे. 'अ' रिबूट करण्याआधी सर्व्हरकडचे सगळे पोर्ट शट करा आणि तसंच कॉन्फिग सेव्ह करा. फर्मवेअर चढून स्विच वर येतो तेव्हा पोर्ट बंदच असतात. मग तुम्ही निवांत बसून व्हीलॅन बघा, ट्रंक बघा, आवृत्ती बघा. सगळं मनासारखं असेल तर एक पोर्ट उघडा. एक नोड. तपासा. मग दुसरा. स्विचने कधी परत यायचं ते तुम्ही ठरवता, स्विच ठरवत नाही.

शेवटी पोर्ट उघडून पुन्हा सेव्ह करायला विसरू नका. नाहीतर पुढच्या वर्षी वीज गेली की स्विच पोर्ट बंद करून वर येईल आणि सगळे तुम्हाला शोधत येतील.

आणि सुरुवातीला, म्हणजे काहीही करण्याआधी, चालू कॉन्फिग आणि सेव्ह केलेलं कॉन्फिग जुळतंय का ते पाहा. कोणीतरी कधीतरी बदल करून सेव्ह न करता गेलेलं असतंच. त्याची प्रत लॅपटॉपवर ठेवा, क्लस्टरवरच्या व्हीएममध्ये नको.


मोजूनमापून | शुक्रवार, सकाळी १०:००

एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणाऱ्या बाइटची मर्यादा) कोणी काढलाच नाही अजून. सेफ ९००० वर आहे ना? मग प्रत्येक पोर्ट उघडल्यावर फ्रॅगमेंट करू नको असं सांगून ८९७२ बाइटचा पिंग मारा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा. साधा पिंग गेला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

एमटीयू चुकल्याची खूण फसवी असते. मॉनिटरचे छोटे निरोप जातात, त्यामुळे स्टेटस विचारलं की उत्तर लगेच येतं, आणि मोठा डेटा मधल्या मध्ये गडप होतो. म्हणूनच सेफ आता ओएसडीच्या हार्टबीटमध्ये मुद्दाम भर घालून ते किमान २००० बाइटचं करतो. लहान फ्रेम जाते आणि मोठी जात नाही, असा स्विच त्यात पकडला जातो.

स्क्रब आणि डीप स्क्रब (प्रती जुळतात का याची सेफची तपासणी) रात्रीपुरते थांबवा. बॅकअपचा जॉब रविवारी रात्री किती वाजता आहे?


पाचवा_नोड | शुक्रवार, सकाळी १०:२०

...१ वाजता.


मोजूनमापून | शुक्रवार, सकाळी १०:२२

😄 तो संध्याकाळी ७ ला हलवा. त्यामुळे मेंटेनन्सच्या आधी ताजा बॅकअपही मिळतो.


उंबरठा | शुक्रवार, दुपारी ३:४०

आमच्याकडे सेफ नाही, वीसॅन (व्हीएमवेअरचं तसलंच स्टोरेज) आहे. हेच सगळं तिथे लागू होतं का?


रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी ४:०५

केबल, ट्रंक, एमटीयू, पोर्ट बंद ठेवून सेव्ह करणं, हे जसंच्या तसं. फ्लॅग आणि वेळा वेगळ्या. वीसॅन गायब झालेल्या घटकांची नवी प्रत बनवण्याआधी मुळात ६० मिनिटं थांबतो, त्यामुळे तिथे तुम्हाला सेफपेक्षा जास्त श्वास मिळतो. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे गोंधळ होईल.


पाचवा_नोड | सोमवार, पहाटे ३:५०

झोप येत नाहीये, म्हणून आत्ताच लिहितो.

बॅकअप ११ ला संपला. साटा डिस्कच्या तीन जुन्या व्हीएम निघाल्या, त्या संबंधितांना सांगून बंद केल्या. १२:४५ ला एलआरएम सगळीकडे थांबवला, मग सीआरएम. नोआउट, नोस्क्रब, नोडीप-स्क्रब. हेल्थमध्ये या फ्लॅगशिवाय काही नाही, सगळ्या पीजी ॲक्टिव्ह-क्लीन.

१:०५ पासून 'अ'चे पोर्ट एकेक बंद केले. दर नोडनंतर दोन मिनिटं थांबलो. एकही ओएसडी डाउन झाला नाही. ट्रंकवर थोडा वेळ ट्रॅफिक चढलं, पाचवा नोड 'ब'वर गेल्यावर उतरलं. १:२५ ला फर्मवेअर लावून रिलोड.

आठ मिनिटं झाली, दहा झाली. स्विच मध्येच एकदा वर येऊन पुन्हा स्वतःहून रिबूट झाला (बूटलोडरही बदलत होता, हे रिलीज नोट्समध्ये खाली बारीक अक्षरात होतं, नंतर सापडलं). १७ मिनिटांनी लॉगिन आलं. त्या १७ मिनिटांत क्लस्टर 'ब'वर शांत होता आणि मी मात्र अजिबात शांत नव्हतो.

मग नोड १ चा पोर्ट उघडला. लिंकच येईना.

केबल काढून लावायला उठलोच होतो, तेवढ्यात वाटलं आधी दुसरा पोर्ट बघू. नोड ३ चा उघडला, तोही नाही. नोड ५ चा आला. फरक काय, तर १ आणि ३ मध्ये वेगळ्या बनावटीचं कार्ड. एफईसी (लिंकवरच्या चुका दुरुस्त करायची पद्धत)! नव्या फर्मवेअरने पोर्टचा एफईसी ऑटोवर नेला होता आणि कार्डाशी जुळत नव्हता. पोर्टवर आरएस-एफईसी ठामपणे लिहिलं, लिंक आली. सगळ्याच पोर्टवर तसंच लिहून टाकलं. ८९७२ चा पिंग सगळीकडून गेला. कॉन्फिग सेव्ह.

तेव्हा २:५५ झाले होते. 'ब' आज केला नाही.


वायरमन | सोमवार, सकाळी ८:३०

'ब' केला नाही हे सर्वांत छान केलंत. पोर्ट बंद ठेवले नसते तर एफईसीची भानगड 'ब' खाली गेल्यावर कळली असती, दोन नोड बाहेर असताना.


गाठनिरगाठ | सोमवार, सकाळी ९:०५

एक शंका. आठवडाभर दोन स्विचवर दोन वेगळी फर्मवेअर? एमलॅगच्या जोडीला हे चालत नाही, लवकरात लवकर जुळवायला लागतं.


जुनाखिळा | सोमवार, सकाळी ९:४०

एमलॅगमध्ये, बरोबर. इथे दोघं स्वतंत्र आहेत, मध्ये नुसती ट्रंक. आठवडा काय, महिनाभर राहिलं तरी एकमेकांना कळणारही नाही. उलट सगळं ट्रॅफिक आठवडाभर नव्या फर्मवेअरवर चालू दे. काही खोड असेल तर 'ब' जुन्यावर असतानाच कळेल, परतायला जागा आहे.


पाचवा_नोड | पुढचा सोमवार, पहाटे २:१०

'ब' झाला. एफईसी आधीच लिहून ठेवलं होतं, बूटलोडरची दोन रिबूट माहीत होती. १:०० ते १:५०. सांगण्यासारखं काही नाही.

नोआउट काढलं, स्क्रब चालू, दोन्ही स्विचचे पोर्ट उघडे आणि सेव्ह केलेले. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः वायरमन आणि ताईंचे.


मोजूनमापून | पुढचा सोमवार, सकाळी ९:१५

अभिनंदन. एचए?


पाचवा_नोड | पुढचा सोमवार, सकाळी ९:२०

चालू केलं ना, सीआरएम आणि एलआरएम पाचही नोडवर.


पाचवा_नोड | बुधवार, सकाळी ११:०५

ताई, तुम्ही विचारलंत तेव्हाच बघायला हवं होतं. आज नोड ४ वरची एक व्हीएम बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितली, तर ढिम्म. टास्क यशस्वी दाखवतोय आणि व्हीएम बंदच. पंधरा मिनिटं सेफमध्ये शोधत बसलो. मग एचएच्या पानावर गेलो, नोड ४ च्या एलआरएमसमोर लिहिलंय, 'ओल्ड टाइमस्टँप, डेड?'. टर्मिनलच्या पाच खिडक्या उघड्या होत्या, चारांतच कमांड टाकली होती.

नोआउट विसरलं की हेल्थ पिवळी होऊन ओरडते. हा मात्र तीन दिवस गप्प बसला होता. आत्ता चालू केला, व्हीएम लगेच उठली.


वायरमन | बुधवार, सकाळी ११:१२

आणि त्या नोडवर एचएमधल्या किती व्हीएम होत्या?


पाचवा_नोड | बुधवार, सकाळी ११:१४

सहा. त्यात आमचा पासवर्डचा वॉल्टही होता. @जुनाखिळा, हसू नका.